दोन हजार दहाचा बोर्डो

"ह्या बारीला वीरूचं जमलं न्हाई, तर मनुबाई नाव लावणार न्हाई!"

ही प्रतिज्ञा मनुबाईंनी पिठाच्या गिरणीत केली. गिरणीची घरघर चालू होती म्हणून त्यांनी ती ओरडून केली आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली! शेवटचे चार शब्द अख्ख्या गल्लीनं ऐकले. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

तशी माघार घ्यावी असं पोरगं नव्हतंच. वीरधवल म्हणजे बीएस्सी ॲग्री, सहा एकर द्राक्षबाग, सुपारीसुद्धा न खाणारा. तरी आजवर अकरा मुलींनी त्याला बघितलं होतं. बघितलं म्हणजे, पोहे खाल्ले होते. पहिलीला शेतकरी नको होता. दुसरीला शेतकरी चालत होता, शेत नको होतं. तिसरी "विचार करून सांगते" म्हणाली आणि विचार करता करता विट्याच्या एका सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याशी लग्न लावून मदुराईला गेली. सातवीची आई तर न्हाणीघर बघून आली आणि पायात चपला सरकवतच "कळवतो" म्हणाली. अजून कळवते आहे.

पोरात एकच खोट होती. बोलायचा फार सावकाश. त्याला प्रश्न विचारावा, चहाचं आधण ठेवावं, चहा गाळावा, कप पुढे करावा, तेव्हा कुठे त्याचं "हो" बाहेर यायचं.

बारावं स्थळ साताऱ्याचं होतं. सुभेदार सयाजीराव, फौजेतून निवृत्त. त्यांची मुलगी संयोगिता पुण्याच्या मोठ्या हॉटेलात नोकरीला. नोकरी कसली? वाइन चाखायची! कुठली चांगली, कुठली बिघडली, कुठली कशाबरोबर द्यायची, हे चव घेऊन सांगायचं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनुबाईंच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली.

"पोरगी दारू पिती?"

"पीत नाही, आई," वीरधवल बऱ्याच वेळानं म्हणाला. "पारखते."

"पारखती," मनुबाईंनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. तासगावच्या सौद्यात व्यापारी बेदाण्याचा एक दाणा तोंडात टाकतो आणि वर्षाचं नशीब सांगतो. त्याला कुणी कधी खादाड म्हणत नाही. मग हिलाच का नावं ठेवायची? "चालतंय," त्या म्हणाल्या. "बारावी हाय. आता काय बी चालतंय."

आणि मग ती बाटली निघाली.

दोन वर्षांपूर्वी द्राक्षबागायतदारांचा एक अभ्यासदौरा फ्रान्सला गेला होता, त्यात वीरधवल होता. तिथल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराला त्यानं आपल्या घरचा हिरवा बेदाणा दिला. म्हाताऱ्यानं एक दाणा खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे मिटले, तळघरात गेला आणि धुळीनं माखलेली एक बाटली आणून याच्या हातात ठेवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे वीरधवलचं त्या माणसाशी फार जमलं. तांबडी वाइन, दोन हजार दहा सालची, बोर्डो भागातली. दोन वर्षं ती ज्वारीच्या पोत्याआड, गारव्याला, आडवी निजवून ठेवलेली होती. तिला धक्का लागू नये म्हणून पोतं उपसायलासुद्धा वीरधवल स्वतः जायचा.

"दोन हजार दहा?" लालासाहेबांनी, म्हणजे वीरधवलच्या वडिलांनी, लेबल लांब धरून वाचलं. "आरं, त्या साली आपल्या बागंत दावण्या रोगानं पान ठिवलं न्हवतं! असलं फुटकं साल कशाला आणलंस?"

"त्यांच्याकडे ते साल फार चांगलं गेलं, अण्णा. ऊन वेळेवर, पाऊस वेळेवर."

"आमचाच पाऊस तिकडं वेळेवर पडला म्हंजी!"

फोनवर संयोगिता एकदा वीरधवलला म्हणाली होती, की हॉटेलात असल्या बाटलीतलं तिला चमचाभरच मिळतं. एखादी निवांत बसून पारखावी असं फार मनात आहे. त्यावर वीरधवल नुसता उठला आणि पोत्यामागची बाटली जागेवर आहे ना, बघून आला. मनुबाईंनी ते बघितलं. आई होती ती, तिला कळलं. म्हणूनच गिरणीतली प्रतिज्ञा!

*

आता द्राक्षं न लावणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे बागेवर बोर्डो मारतात. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं निळं औषध. दावण्यावर उतारा. मोरचूद आंबट, त्याची आंबटाई चुन्यानं मारायची, आणि ते जमलं की नाही हे कागदाची पट्टी बुडवून बघायचं. पट्टी लाल झाली तर आम्ल राहिलं. फवारलं तर पान जळतं. आणि बोर्डो करावा तर लालासाहेबांनी! पंचक्रोशीतले लोक त्यांना पहाटे उठवून न्यायचे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, लालासाहेब पट्ट्या ठेवायचे.

तर आषाढातला रविवार उजाडला. वीरधवल पाहुण्यांना घ्यायला विट्यापर्यंत गेला. घर शेणानं नाही, फिनेलनं पुसलं होतं, आणि मनुबाईंनी नवी साडी इतकी कडक नेसली होती की बसायला भीती वाटत होती. अकराच्या सुमाराला फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, पाहुणे भेटले. तासाभरात पोचतो. बोर्डो काढून ठेव."

"बरं."

"आत्ताच उघड. हवा लागली पाहिजे. काचेच्या जगात ओत, लोखंडाचं काही लावू नको."

"बरं."

"हळू ओत. गाळ येऊ देऊ नको. पातळ फडक्यातनं गाळलं तरी चालेल. आणि आई, अण्णांना म्हणावं..."

टुंक! रेंज गेली.

लालासाहेब आरशापुढे फेटा बांधत होते. ते तसेच अर्ध्या फेट्यानं वळले.

"मला काय म्हणावं?"

"काय की! तुमाला काय तरी करायला सांगत हुता."

या एका वाक्यानं पुढचं सगळं घडवलं. वीरधवलला म्हणायचं होतं, 'अण्णांना म्हणावं, हात लावू नका.' पण ते कळायला बराच उशीर होता.

"काय सांगणार?" लालासाहेबांची छाती फुगली. "काचंत वता, लोखंड नगं, गाळून घ्या. ही सगळी बोर्डोचीच रीत हाय की! म्हणत आसंल, अण्णाला म्हणावं जरा बघून घ्या."

बूच निघता निघेना. लालासाहेबांनी त्यात मोठा स्क्रू पिळला, पकडीनं धरला, बाटली मनुबाईंच्या मांडीत दिली आणि विहिरीतली मोटर ओढावी तसं ओढलं. 'भॉक' असा आवाज झाला आणि माजघरात एक वास पसरला. जुन्या लाकडी पेटीचा, जांभळाचा आणि कसला तरी. मनुबाई क्षणभर थांबल्या. बरा वास होता. त्यांनी पातळ फडक्यातून ते काचेच्या जगात हळूहळू ओतलं. गर्द तांबडं, अगदी पैठणीच्या काठासारखं!

आणि लालासाहेबांनी खिशातनं पट्टी काढली.

"आवं, हे काय?"

"बघतो."

"प्यायचं हाय ते!"

"प्यायचं आसंल, पर बोर्डो हाय का न्हाई? आपल्या औषदाला नाव त्येंच्याच गावाचं हाय, आमी घरात बसून ठिवलंय व्हय?" पट्टी जगात बुडाली आणि बाहेर आली ती लालभडक! लालासाहेबांचा चेहरा पडला. "मने! आम्ल हाय गं! निव्वळ आम्ल!"

"मग?"

"मग काय मग? असला बोर्डो पानावर मारला तर पान जळतंय. त्या पोरीच्या जिबंचं काय हुईल? पंधरा वर्सं चुना कमी पडलाय ह्यात, आन् कुणाच्या ध्यानात न्हाई! फ्रान्समदी एक माणूस न्हाई पट्टी लावणारा!"

त्यांचा आवाज खरोखर कळवळला होता. मनुबाईंना नंतर आठवून आठवून तेच वाईट वाटायचं. माणसानं खोडी म्हणून केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण हा माणूस सुनेच्या जिभेची काळजी करत होता! होऊ घातलेल्या सुनेच्या!

उद्या फवारणी होती, म्हणून शेडमध्ये चुना भिजवलेला होता. लालासाहेबांनी वरचं दाट पांढरं पाणी फडक्यातनं गाळून तांब्यात आणलं. पहिली पळी घातली. पट्टी लाल. दुसरी घातली. पट्टी लाल, पण जरा विचारात पडलेली. तिसरी, चौथी...

आणि मनुबाई किंचाळल्या!

जगातलं तांबडं मातकट झालं. मातकटाचं जांभळं झालं. आणि बघता बघता, त्यांच्या डोळ्यांदेखत, पैठणीच्या काठाचं रूप पालटून काळपट निळं-हिरवं असं काहीतरी तयार झालं. पावसाळ्यात शेततळ्याच्या कडेला शेवाळ असतं तसं!

"आवं! आवं, निळं झालं!"

लालासाहेबांनी शेवटची पट्टी बुडवली, उजेडाला धरली आणि समाधानानं मान हलवली.

"सात. बरोब्बर सात. हां! आता कसा बोर्डो दिसतोय!"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

*

सुभेदार सयाजीराव ताठ होते. मिशी ताठ, पाठ ताठ, सोफ्यावरसुद्धा सावधानमध्येच बसले होते. फक्त मधूनमधून छातीवर मूठ चोळत होते. संयोगिता साध्या सुती ड्रेसमध्ये, हसरी. तिची आई गुडघ्याच्या दुखण्यानं आली नव्हती. मनुबाईंनी पोरीला एकदाच बघितलं आणि मनातल्या मनात तिच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या.

पण वीरधवल दारातच थांबला होता. त्याची नजर टेबलावरच्या जगावर होती. जगाशेजारी रिकामी दिसणारी बाटली, तिच्याशेजारी चुन्याचा तांब्या, आणि त्याच्याशेजारी फेट्यातले लालासाहेब, बक्षीस समारंभाला उभे राहतात तसे!

वीरधवलनं तोंड उघडलं. "ते..."

इतक्यात लालासाहेबांनी दोन ग्लास भरून पाहुण्यांच्या हातात दिलेसुद्धा! ग्लास वास्तुशांतीत भेट आलेले, सूर्यफुलांची चित्रं असलेले.

"घ्या! दोन हजार दहाचा बोर्डो. जरा आम्ल हुता, म्या सरळ केला."

संयोगितानं ग्लासाकडे बघितलं. मग पांढरा रुमाल काढून त्याच्यामागे धरला. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरला. तिचे डोळे मोठे होत गेले. नऊ वर्षांच्या नोकरीत तिनं तांबडी बघितली होती, पांढरी बघितली होती, गुलाबी बघितली होती. ही मोरपंखी पहिलीच!

तिनं ग्लास गोल फिरवला. नाक घातलं. मनुबाईंनी पदराचं टोक दातात धरलं.

"वास... ओळखीचा आहे," ती सावकाश म्हणाली. "नवीन घराचा. रंग द्यायच्या आधीच्या घराचा."

"वा!" लालासाहेब खूश झाले. "पारख हाय हां पोरीला!"

तिनं घोट घेतला. तोंडात इकडून तिकडे खळखळवला. तिचा चेहरा एका बाजूनं आक्रसला, मग दुसऱ्या बाजूनं. मग बंद ओठांनी ती मनुबाईंकडे वळली आणि हातानं खूण केली. थुंकायला काही?

अरे देवा! पोरगी तंबाखू खाती! मनुबाई धावत जाऊन लालासाहेबांचीच पिकदाणी घेऊन आल्या. संयोगितानं त्यात झोकात पिचकारी टाकली, ती इतकी सफाईनं, की लालासाहेबांसारख्या तंबाखूत तीस वर्षं मुरलेल्या माणसानं कौतुकानं भुवई उंचावली.

"ते, ते पिऊ..." वीरधवलचं वाक्य दारातनं आत येत होतं.

पण तिकडे सुभेदारांनी ग्लास रिकामा करून टेबलावर ठेवला होता! फौजेत तीस वर्षं काढलेला माणूस. पुढ्यात आलेलं संपवायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. त्यांच्या पांढऱ्या मिशीला निळी किनार आली होती.

"...नका," वीरधवल म्हणाला.

आणि नेमका त्याच वेळी धनाजी आला.

धनाजी म्हणजे यांच्या बागेवर फवारणीचा ट्रॅक्टर चालवणारा. पन्नाशीचा, भला माणूस, पण आवाज असा की त्यानं कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या गावात ऐकू जायचं. उद्यासाठी मोरचूद न्यायला आला होता. त्यानं निळा जग बघितला. चुन्याचा तांब्या बघितला. सुभेदारांचा रिकामा ग्लास बघितला. मिशी बघितली.

"मालक," तो हळूच, म्हणजे खिडकीची तावदानं थरथरतील इतपत, म्हणाला, "हे काय दिलंसा पाव्हण्यांस्नी?"

"बोर्डो," लालासाहेब म्हणाले.

"आन् त्येंनी पिला?"

"पिला की! सगळा!"

धनाजीनं डोक्याला हात लावला, मोबाइल काढला आणि गावच्या ग्रुपवर बोलूनच टाकलं, "लालासाहेबांच्या घरला पाव्हण्यानं बोर्डो पिला! पळा! पळा!"

*

आमच्याकडे कुणी 'औषध पिलं' म्हटलं की माणूस विचारत नाही का पिलं. आधी पळतो, मग कारण स्वतःच जोडतो. पहिल्या पाच मिनिटांत चाळीस माणसं अंगणात होती आणि कारण तयार होतं. मनुबाईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काय झालं वो?"

"आवं, वीरूला बघाया आल्याती. पोरगं बघितलं आन् पोरीच्या बापानं औषध घेतलं!"

मनुबाईंनी भिंत धरली. अकरा जणींनी नकार दिला होता, ते परवडलं! आता ही बातमी तासगावात जाणार, विट्यात जाणार, कराडमार्गे साताऱ्याला पोचणार. जो पोरगा बघून मुलीचा बाप विष घेतो, त्याला जगाच्या पाठीवर कोण मुलगी देणार? गलाईवाल्यांतनं मदुराईतसुद्धा कळणार!

आत वेगळंच चाललं होतं. एकानं ताकाचा गडवा आणला होता, एकानं कच्ची अंडी, एकानं साबणाचं पाणी. धनाजीनं सुभेदारांना खांद्याला धरून आडवं पाडलं होतं.

"अरे हटो! मैं ठीक हूँ!" सुभेदार गरजले. "मला काय झालेलं न्हाई!"

"हिंदी बोलाय लागलं!" धनाजी हंबरला. "डोक्यात चढलं! पाय धरा!"

"अहो, ऐका, ती वाइन होती!" संयोगिता ओरडत होती.

"व्हय बाई, व्हय, वाईटच झालं," एक म्हातारी तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली. "रडून घे."

शेवटी लालासाहेबांनी तालुक्याच्या डॉक्टर क्षमाबाईंना फोन लावला आणि स्पीकर दाबला.

"डॉक्टर, पाव्हण्यांनी बोर्डो पिलाय."

"काय! मोरचूद किती होतं?"

"मोरचूद न्हवतं. नुसता चुना."

"मोरचूद नाही, मग बोर्डो कसला?"

"फ्रान्सचा!"

"लालासाहेब, तुम्हीसुद्धा काही घेतलंय का?"

आणि मग एक आश्चर्य घडलं. वीरधवलनं फोन घेतला आणि एका दमात, न थांबता, बोलला, "डॉक्टर, ती तांबडी वाइन होती, अण्णांनी आंबट लागू नये म्हणून त्यात चुन्याचं पाणी घातलं, पाहुण्यांनी एक ग्लास घेतलाय, पाच-सात मिनिटं झालीत!"

अख्ख्या गावानं माना वळवल्या. हा बोलतो?

"काय होतंय त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदार चार जणांच्या हाताखालून उठून बसले. त्यांनी छातीवर हात ठेवला. थांबले. आणि एक ढेकर दिला. लांब, गंभीर, तोफेच्या सलामीसारखा!

"डॉक्टरसाहेब," ते चकित होऊन म्हणाले, "बावीस वर्सं जळजळ हाय मला छातीत. सियाचिनला लागली ती गेली न्हाई. आत्ता... आत्ता न्हाई!"

डॉक्टर फोनवर बराच वेळ खोकल्यासारखं काहीतरी करत होत्या. मग म्हणाल्या, भरपूर पाणी द्या, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, आणि तो जग मोरीत ओता. सुभेदारांनी तोवर जगाकडे हात केला होता. तो जग मनुबाईंनीच ओढून घेतला.

गर्दी हळूहळू पांगली. ताकवाले ताक ठेवून गेले, अंडीवाले अंडी परत घेऊन गेले. माजघरात लालासाहेब फेटा मांडीवर घेऊन खाली बसले होते. फेट्याशिवाय ते एकदम लहान दिसत होते.

"वीरू," ते म्हणाले, "दोन वर्सं जपलेलीस रं तू ती."

वीरधवल जगातल्या निळ्या गाळाकडे बघत होता. मनुबाईंना वाटलं, आता याचा बांध फुटणार. आज बोलायला लागलाच आहे तर आता बापाला काय काय बोलणार!

"अण्णा," तो म्हणाला, "पीएच किती आला शेवटी?"

"सात. बरोब्बर सात."

"मग मिश्रण चांगलं झालं होतं."

लालासाहेबांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. खिडकीशी उभ्या असलेल्या संयोगितानं मान वळवली आणि बाहेर बघायला लागली.

*

मनुबाई स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसल्या. साडीची कडक घडी कधीच मोडली होती. मागनं पावलं वाजली. संयोगिता हातात ती बाटली घेऊन आली आणि शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली.

"काकू, ह्यात तळाशी दोन बोटं आहे अजून. गाळासकट. वाटी द्या ना."

"पोरी, नगं. आता काय बी पिऊ नगंस आमच्या घरात."

पण तिनं स्वतःच वाटी घेतली. हळूच ओतलं. गर्द, तांबडं, सकाळच्यासारखं. वास घेतला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. मग घोट घेतला. या वेळी थुंकली नाही.

"काय म्हणतंय?" मनुबाईंनी न राहवून विचारलं.

"जांभूळ. भिजलेली माती. जुनं चामडं. तंबाखूचं सुकं पान."

"हे सगळं आमच्या पडवीत हाय की!"

संयोगिता हसली आणि वाटी त्यांच्यापुढे धरली. मनुबाईंनी दाराकडे बघितलं, पदर सावरला आणि जीभ बुडवली.

"आंबाट. आन् तुरट. जांभळाची बी चावल्यागत. पर मागनं गोडसर येतंय."

"बरोबर! अगदी बरोबर! हे सांगायला आम्हाला परीक्षा द्याव्या लागतात, काकू."

मनुबाई लाजल्या. मग जिवाचा हिय्या करून, वाटीकडेच बघत त्यांनी विचारलं, "मग... कसा वाटला?"

"थोडा घट्ट आहे," संयोगिता विचार करत म्हणाली. "पटकन खुलत नाही. वेळ द्यावा लागतो. पण खोटा नाही, आणि पुष्कळ वर्षं टिकेल."

एकतीस वर्षं पोराला सांभाळून जे मनुबाईंना शब्दांत सांगता आलं नव्हतं, ते ही पोरगी एका दिवसात सांगत होती!

"लय बरोबर वळखलंस गं माझ्या वीरूला!"

"अहो, वीरधवल नाही, हा बोर्डो! त्यांच्याशी माझी चार वाक्यंसुद्धा झाली नाहीत अजून. तुमच्या गावानं बोलू कुठं दिलं?"

मग मनुबाईंनीच दोघांना बागेत पाठवलं. तासभर दोघं वेलींखाली फिरत होती. मांडवाच्या पलीकडून कोण काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. धनाजीला मात्र घरात बसवून ठेवलं होतं, कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून.

निघताना सुभेदार म्हणाले, "चार दिवसांत कळवतो." मनुबाई मनातल्या मनात म्हणाल्या, झालं. सातवीची आईसुद्धा हेच म्हणाली होती.

गुरुवारी दुपारी फोन आला.

"ताई, आमच्या पोरीचा होकार हाय," सुभेदार म्हणाले. "ती म्हणती, तो जग बघून ज्या माणसानं बापाला पीएच विचारला, त्याच्यासंगं उभा जन्म भांडायलाबी मजा यील. आन् ताई, लालासाहेबांस्नी म्हणावं, जळजळ परत सुरू झालीया. काय तरी करा!"

मनुबाईंना चष्मा सापडेना, डोळ्यांतल्या पाण्यानं तसंही काही दिसत नव्हतं. त्यांनी वीरधवलकडून गावच्या ग्रुपवर बातमी टाकून घेतली: 'आमच्या वीरधवलचं लग्न ठरलं!' आणि मग त्या फोन हातात घेऊन बसल्या. उत्तरं टिंगटिंग येत होती आणि मनुबाई, कुणाचं काय हे न वाचता, येईल त्याला नमस्काराचे हात पाठवत होत्या. गाव म्हणजे काय, सुखदुःखाला धावून येणारच!

संध्याकाळी वीरधवलनं वाचून दाखवलं. सांगलीला राहणारे माजी सरपंच आठवड्यातून एकदा ग्रुप उघडतात आणि वरून खाली क्रमानं वाचत येतात. आज ते धनाजीच्या रविवारच्या 'बोर्डो पिला'पर्यंतच पोचले होते. लग्नाच्या बातमीखाली पहिलं उत्तर त्यांचंच होतं: 'भावपूर्ण श्रद्धांजली. घरच्यांना दुःख सहन करण्याची शक्ती मिळो.'

आणि त्याच्या खाली मनुबाईंचे जोडलेले हात. तीन वेळा.